उसळणारा ट्रक आणि शेवंताची डाळ

"ट्रकच्या चाकावरल्या कमानीत लोखंडाचे दोन पाटे वाढवणारा शहाणा कोन हाये?"

भिलाईच्या कारखान्याची उभारणी जोरात चालली होती तेव्हाची गोष्ट. ठेकेदाराच्या वर्कशॉपसमोर शेवंता कमरेवर हात ठेवून उभी होती. लुगड्यावरून गुडघ्यापर्यंत डाळ ओघळत होती. जुन्या मिलिटरी ट्रकखालून आधी दोन पाय निघाले, मग उरलेला मिस्त्री. लहानू त्याचं नाव. डाळीनं माखूनही पोरगी इतकी देखणी दिसावी, हे त्याला अगदीच अन्यायाचं वाटलं.

"मीच वाढवले. गिट्टी भरली का ट्रक मागून बसत होता. आता पाहा, कसा ताठ उभा हाये!"

"ट्रक ताठ, अन् माही नोकरी आडवी!"

सकाळी खडी-गिट्टी वाहणारा हाच ट्रक दुपारी मजुरांचं जेवण साइटवर नेई, आणि हंडे सांभाळायला शेवंता मागं बसे. गिट्टीपुढं हंड्यांचं वजन ते किती! पाटे वाढवून कडक झालेल्या त्या स्प्रिंगच्या कमानीवर हलका ट्रक नुसता उसळे, आणि तीन दिवस अर्धी डाळ रस्त्यालाच. उद्या सांडली तर परवा येऊ नको, असं मुनीम भैयालालनं शेवंताला बजावलं होतं. जवळच्या उतई गावात बाबा आजारी, घरात कमावणारी ती एकटीच.

"मागं बसून पाह्यलं का कधी?" तिनं विचारलं.

"मी... नाही."

"मंग बसा."

पाण्यानं भरलेला हंडा मांडीवर घेऊन लहानू मागं बसला. फाटकापर्यंत जाऊन ट्रक परतला, तेव्हा हंडा रिकामा आणि मिस्त्री गळ्यापर्यंत भिजलेला. शेवंता हसली... हसतच राहिली. लहानूचं तिथंच काम तमाम झालं.

त्यानं लगेच दोन्ही पाटे काढले. त्यांच्याऐवजी कमानीच्या वर, जरा अंतर सोडून, एक आखूड कमान बसवली.

"हलक्या गाडीत हे वरची कमान नुसती अधांतरी राहीन," तो म्हणाला. "गिट्टी भरली का मंगच टेकन अन् भार घेईन."

शेवंता तिथंच बसून पाहत होती. नटबोल्ट देत होती, आणि बोटाला बोट लागलं की दोघंही भलतीकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी डाळीचा थेंबही सांडला नाही. भैयालालनं हंड्यात डोकावून पाहिलं, नाक मुरडायला काही सापडेना. "ठीक है, कल भी आना," म्हणून तो निघून गेला.

शेवंता आनंदानं धावतच वर्कशॉपवर आली. लहानूचा चेहरा मात्र उतरला होता.

"आता तुमी भांडाले येनार नाही," तो म्हणाला.

"कायले येऊ? ट्रक तं सुधरला."

"हो... लय घाई केली मी. आठ-दहा दिवस लावाले पाह्यजे होते."

शेवंतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रविवारी उतईले ये. बाबाले भेट."

लहानूच्या हातातला पाना निसटून पायावर पडला. त्याला कळलंही नाही.

"पन... मी काय सांगू त्याइले?"

"तू नोको सांगू काही," शेवंता हळूच म्हणाली. "मी कालच सांगून ठेवलं."