चार डिग्रीतलं सोनं

"मॅडम, सोनं किती कॅरेटचं?"

दुबईत, देऱ्यातल्या कार्गो क्लिअरिंग ऑफिसच्या काउंटरपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा प्रज्ञाला हसावं की रडावं कळेना. इनव्हॉइसवर 'गोल्ड' लिहिलेलं, म्हणून तिच्या लॅबचं पार्सल तीन दिवस अडकून पडलं होतं. विचारणाऱ्याच्या गळ्यातल्या कार्डावर नाव होतं विघ्नेश. बोलण्यातला हेल सरळ मालवणचा.

"कॅरेट नाही हो. पाण्यात तरंगणारे कण आहेत. केसाच्या जाडीत हजारो मावतील."

तिने मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवला. तो काउंटरवर ओणवला.

"हे सोनं? हे तर आमच्या आयेचं कोकमाचं आगळ!"

"इतकं बारीक केलं की सोनं लाल दिसतं."

"आणि करतं काय?"

"कणांवर अँटिबॉडीचा लेप असतो. रक्तात कॅन्सरचं प्रथिन असलं की तो नेमकं त्यालाच धरतो... म्हणजे लवकर कळतं. वेळ असताना."

शेवटचे शब्द हलके पडले. त्याने वर पाहिलं. "घरात कुणी...?"

"बाबा. मार्चमध्ये गेले."

नवा फॉर्म ओढून त्याने ठळक अक्षरांत लिहिलं — लॅबोरेटरी रीएजंट, दागिने नव्हेत.

"उद्या दुपारी न्या. इन्शाल्ला नाही, नक्की."

"थंड ठेवाल ना? गुरुवारी अबुधाबीच्या हॉस्पिटलात पेशंटांच्या नमुन्यांवर चाचणी आहे. ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी."

"निर्धास्त राहा."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याने बॉक्स दोन्ही हातांनी पुढे केला. "एकदम फर्स्ट क्लास ठेवलंय. सुरमईच्या शेजारी!"

प्रज्ञाने झाकण उघडलं. बाटलीत बर्फ होता. बाटली तळहातांत धरून तिने तो वितळवला. लाल रंग गेला होता. पाणी करडं, तळाशी काळपट गाळ.

"फ्रीझरमध्ये?" तिने बाटली उजेडात धरली. "गोठलं की कण एकमेकांना चिकटतात. खलास."

विघ्नेशचा चेहरा पडला. "आमचं मासळीचं घर. थंड म्हणजे बर्फ, एवढंच ठाऊक... चूक माझी."

त्याने सबब शोधली नाही. आणि प्रज्ञाला आठवलं, चार डिग्री हा आकडा तिनेही सांगितला नव्हता.

"नवं बनवता येतं?" त्याने विचारलं.

"साधे कण माझ्या शारजाच्या लॅबमध्ये आहेत. अँटिबॉडी मात्र अल ऐनला, प्रोफेसर फिरदोसबाईंकडे. मी लॅबमध्ये तयारीला बसले तर आणायला कोण—"

"यल्ला, निघालो." गाडीची किल्ली त्याच्या हातात होतीच. "किती डिग्री, ते सांगा."

"चार. बर्फाला टेकू द्यायचं नाही."

त्या दुपारी तिच्या फोनवर थर्मामीटरचे फोटो येत राहिले.

'४.२. गाडी बाजूला घेऊन काढतोय, ओरडू नका.'

'३.९. डब्यातलं बाळ झोपलंय.'

'४.०. एसी फुल आहे, मी कुडकुडतोय.'

'कुडकुडा. चालेल,' तिने लिहिलं, आणि आपण हसतोय हे तिच्या उशिराने लक्षात आलं.

संध्याकाळी लॅबमध्ये त्याच्यासमोरच लेप चढवून झाला. तिने एक थेंब मिठाच्या पाण्यात सोडला. "लेप नीट बसला नसेल तर निळं होईल."

एक मिनिट. पाच... दहा.

लाल. लालच.

प्रज्ञा स्टुलावर बसली आणि रडली, मार्चपासून पहिल्यांदा. विघ्नेशने टिश्यूचा डबा सरकवला आणि पाठ करून कोरडाच असलेला आइसबॉक्स पुसत राहिला. त्या वळलेल्या पाठीचे आभार कसे मानायचे, तिला सुचेना.

गुरुवारी अबुधाबीला त्यानेच पोचवलं. चार तासांनी ती पार्किंगमध्ये आली तेव्हा तो उन्हात गाडीबाहेर उभा होता.

"काय झालं?"

"एकाच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं. आपल्या चाचणीच्या पट्टीवर अगदी फिकट रेघ उमटली. डॉक्टर त्याला उद्याच पुन्हा तपासायला बोलावतायत." ती थांबली. "साठीचा माणूस आहे. कुणाचे तरी बाबा असतील..."

"देवाची कृपा."

"तुमचीही."

तो कानापर्यंत लाल झाला आणि बुटाकडे पाहू लागला.

"विघ्नेश, मला शारजाला जायला इथून थेट बस आहे."

"हो... स्टँडवर सोडू?"

"बस आहे, तरी तुमच्याबरोबर यायचंय, असं म्हणतेय मी. आज. आणि... नंतरही."

त्याने मान वर केली. "नंतर म्हणजे... किती?"

"माझ्या आईला फोन करून सांगण्याइतकं."

त्याने लगबगीने तिच्यासाठी दार उघडलं. गडबडीत स्टिअरिंगच्या बाजूचंच.

प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं, हात पुढे केला.

"दे किल्ली," ती म्हणाली. "आज मी चालवते."