आईंची बोटं सुकेनात

पाण्यात फार वेळ राहिलं की बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडतात. बोटं कोरडी केली की साधारण वीस मिनिटांत त्या जातात.

अनुराधाच्या सासूबाईंच्या उजव्या हातावरच्या सुरकुत्या आठव्या दिवशीही तशाच होत्या.

ही गोष्ट मी रचलेली नाही. अनुराधा माझी मावसबहीण. ऑकलंडला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती केमिस्ट आहे. मोजमापात थेंबाचा फरक पडला तर सबंध चाचणी पुन्हा करणारी बाई. तिने मला हे एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारू नकोस म्हणाली. ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या त्यांच्या घरी यायचं बोलावणं मला दर वर्षी येतं.

मी अजून गेलेली नाही.

तारीख ११ ऑक्टोबर २०१४. शनिवार. भरदुपारचे दोन वाजले होते.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गरम झऱ्यांच्या रोटोरुआ गावापुढे एक खासगी दरी आहे, तिथे गाइडशिवाय सोडत नाहीत. उतारावर पांढऱ्या, गुलाबी पायऱ्या आणि त्यांवरून ओघळणारं कढत पाणी. तळाशी पडके खांब. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा हौशी गोऱ्या मालकाने तिथे रोमन थाटाचं स्नानगृह बांधलं होतं, त्याचे ते अवशेष.

बसमधून उतरताच गंधकाचा भपकारा आला.

"आई, बसमध्ये मुळ्याची भाजी कोणी खाल्ली होती?" अनुराधाचा नवरा गुरुदत्त म्हणाला.

"तुझे बाबा असते तर त्यांच्यावर आळ घालून मोकळी झाले असते," आई म्हणाल्या. "आता तूच उरलास."

त्यांची सात वर्षांची लेक सलोनी नाक दाबून ओरडली, "ग्रॉस, आजी!"

आई म्हणजे शांताबाई. वय अडुसष्ट. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, पंचवीस तारखेचं परतीचं तिकीट होतं. गुरुदत्त तीन वर्षं त्यांच्या मागे लागला होता. कायमच्या इथेच राहा, रेसिडेन्सीचा फॉर्म भरू. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"बघू."

ह्या 'बघू'ने लेकापेक्षा सुनेचाच जीव जास्त टांगणीला लागायचा. अनुराधा नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. लग्नानंतर तिला आई मिळाली ती ही. आणि ही दर वेळी विमानतळावर डोळे पुसत निघून जायची.

गाइडचं नाव रूथ. साठीची, खणखणीत आवाजाची बाई. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून तिने दोन नियम सांगितले. पाण्याला हात लावायचा नाही. इथून काहीही न्यायचं नाही. दगड नाही, पान नाही, पाणीसुद्धा नाही.

पडक्या खांबांपाशी ती थांबली. मध्ये एक दगडी हौद होता, काठोकाठ भरलेला. वर सायीसारखा तवंग.

"इथे कातडीच्या रोगाचे लोक उपचाराला यायचे," ती सांगू लागली. "एक बाई होती. तिला पाण्यातून बाहेर काढणं मोठं कठीण. सारखी म्हणायची, अजून थोडा वेळ. एक दिवस वरून चिखलाचा लोट आला. बाकीचे पळाले. ती उठलीच नाही."

"मग?" गुरुदत्तने विचारलं.

"पुढे चिखल उपसला तेव्हा फक्त हातांची कातडी मिळाली. हातमोज्यांसारखी, नखांसकट."

रूथ हे भराभर इंग्रजीत बोलत होती. आई लांब बाकावर बसून गुडघे चोळत होत्या. त्यांच्या कानावर यातलं काहीच गेलं नव्हतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे.

सगळे पुढे निघाले. आईंनी अनुराधाची ओढणी धरली आणि पर्समधून लेमनेडची रिकामी बाटली काढली.

"आई, नको म्हणाल्यात त्या."

"वज्रेश्वरीच्या कुंडाचं पाणी मी दर वेळी घरी नेते. एवढ्या लांबचं तीर्थ असंच सोडू? तू फक्त बघ, कोणी येतंय का."

आणि एम.एस्सी. झालेली माझी बहीण पाठ करून पहाऱ्याला उभी राहिली.

"तूही माग काहीतरी," मागून आई म्हणाल्या. "तीर्थापाशी मागितलेलं मिळतं."

अनुराधा हसली. पण मनातल्या मनात तिने मागितलं... आईंना इथेच राहू दे.

बाटली भरण्याचा बुडबुड आवाज येत होता. तो थांबला.

मग काहीच नाही. बराच वेळ.

तिने वळून पाहिलं. भरलेली बाटली काठावर होती, पण आईंचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. तवंग त्यांच्या दंडावर चढला होता.

"आई! चला."

"अजून थोडा वेळ," आई म्हणाल्या.

अनुराधाने त्यांना ओढूनच उठवलं. हात पुसून दिला. ओढणीला साबणासारखं बुळबुळीत काहीतरी लागलं. ती ओढणी तिने परत वापरली नाही.

रविवारी सकाळी बाटली देव्हाऱ्यात गेली. पूजा झाल्यावर सगळ्यांच्या तळहातावर पळीभर तीर्थ पडलं. सलोनीने चुपचाप कुंडीत ओतलं. गुरुदत्तने घेतलं. आईंचं मन मोडू नये म्हणून अनुराधानेही घेतलं.

किंचित खारट होतं. आणि कोमट... रात्रभर बाटली गार खोलीत असून.

त्या दिवसापासून तांब्याचा आवाज बंद झाला.

आई पुण्याहून स्वतःचा तांब्या घेऊन आल्या होत्या. दीड बादलीत आंघोळ. तांब्या बादलीवर आपटायचा, श्लोक चालायचा, दहा मिनिटांत बाई बाहेर. "तुमच्या त्या टबात लोळायला मी म्हैस आहे का?" म्हणायच्या.

आता टब भरायचा. मग दार बंद. मग शांतता. एक तास... दीड तास. तांब्या कोपऱ्यात कोरडा ठणठणीत.

अनुराधा दार वाजवायची. आतून आवाज यायचा.

"अजून थोडा वेळ."

"गुरू, आईंच्या बोटांकडे बघितलंस?" मंगळवारी तिने विचारलं.

"वय झालंय अगं. सुरकुत्या पडणारच."

"एकाच हाताला?"

"तुझी लॅब लॅबमध्ये ठेव बाई," तो हसून म्हणाला.

तिने वाद घातला नाही. मार्कर घेतला आणि बाटलीवर पाण्याच्या पातळीपाशी रेघ मारली. रोज तीर्थ वाटलं जात होतं, म्हणजे पातळी उतरायला हवी होती. बुधवारी पाणी रेघेच्या सहा मिलिमीटर वर होतं. गुरुवारी बारा.

गुरुवारीच तिने टबाची जाळी साफ केली. केस असतील म्हणून बोटाने ओढलं. हातात आलं ते मऊ, पांढरट, पोकळ होतं. शिवताना बोटात घालतात त्या टोपणासारखं. टोकाला नख होतं.

तिला तिथेच उलटी झाली.

बाहेर आई भाजी निवडत बसल्या होत्या. पाची बोटं जागेवर, पाची नखं जागेवर. पांढरी, फुगलेली, ओली. मेथीच्या पानांवर त्यांच्या हाताचं पाणी टपकत होतं.

"आजी, यू स्मेल लाइक एग्ज," सलोनी म्हणाली.

ज्या बाईने आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नाही, ती नुसती हसली.

शुक्रवारी अनुराधाने बाटलीतलं थोडं पाणी लॅबमध्ये नेलं. अशा झऱ्याच्या पाण्यात सिलिका भरपूर सापडते, तिच्यामुळेच त्या पायऱ्या बनतात. ह्या नमुन्यात सिलिका जवळपास नव्हतीच. मीठ होतं. युरिया. लॅक्टिक आम्ल. स्निग्धांश. आणि त्वचेच्या पेशी, असंख्य.

तिने चाचणी तीनदा केली.

ते झऱ्याचं पाणी नव्हतं. तो माणसाचा घाम होता.

पाच दिवस ती रोज पळीभर प्यायली होती.

घरी येऊन तिने बाटली बाहेरच्या गटारात रिकामी केली, चेपली, कचऱ्याच्या डब्यात टाकली. शनिवारी सकाळी देव्हाऱ्यात बाटली होती. चेपल्याच्या खुणा तशाच. तिने मारलेली रेघही तशीच. पाणी तोंडापर्यंत.

तेव्हा तिने ठरवलं. रविवारी जेवणाच्या वेळी गुरुदत्तला सगळं सांगायचं. रूथला फोन करून बाटली जिथली तिथे पोचवायची. आणि आईंना तिकिटाच्या तारखेआधीच पुण्याला घेऊन जायचं, स्वतः. त्यांचं घर, त्यांची तुळस, त्यांची भिशी. तिथे गेल्यावर कदाचित त्या पुन्हा तांब्याने आंघोळ करतील.

रविवारी दुपारी सगळे टेबलाशी बसले. वरणभात वाढून झाला. अनुराधाने तोंड उघडलं.

गुरुदत्तने तिच्याआधी टेबलावर फॉर्म ठेवला.

"आई, आता शेवटचं विचारतो. सहा दिवसांनी तुझं विमान आहे. काय ते सांग. आणि 'बघू' म्हणालीस तर मी जेवणार नाही."

आईंनी लेकाकडे पाहिलंच नाही. त्या अनुराधाकडे बघत होत्या. ओला, गरम हात टेबलावरून सरकत आला आणि तिच्या हातावर बसला. कातडी आतल्या आत सरकल्यासारखी वाटली, सैल हातमोज्यासारखी.

"तूच मागितलं होतंस ना?" आई हळूच म्हणाल्या.

अनुराधाने ते मनात मागितलं होतं. मोठ्याने नाही.

मग आई लेकाकडे वळल्या. हसल्या. आणि जे ऐकायला हे घर तीन वर्षं आसुसलं होतं ते, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या,

"मी आता कुठेच जात नाही. मी इथेच राहणार."