सात नंबरची पाटी

"खोटारडी! पाटी तूच हलवलीस!"

मोजणीचे प्रमुख जगदीश सर सगळ्यांदेखत ओरडले, तेव्हा रत्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवाळीच्या सुट्टीत शिंदखेड्याजवळच्या जुन्या बागेची मोजणी चालली होती. तिपाईवरचं लेझर यंत्र हौद, पाट, कारंजं सगळं टिपायचं. रत्ना आणि तिचा मामेभाऊ भूषण दगडांवर खुणेच्या पाट्या चिकटवायचे. आजच्या मोजणीत सात नंबरची पाटी कालच्यापेक्षा तीन बोटं पुढे आली होती. बाकी सगळ्या जागच्या जागी!

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. बागेची राखण करणारे तिचे आजोबा, हिलालनाना, मान खाली घालून फाटकाकडे निघून गेले. सख्ख्या आजोबांचाही विश्वास नाही! रत्नाचे डोळे भरून आले.

"रडूबाई, चल, बघू तरी!" भूषणने तिला हौदाच्या उंच भिंतीकडे ओढलं.

तिथल्या सात नंबरच्या पाटीभोवती काल रत्नाने खडूची रेघ मारली होती. ती अजून तंतोतंत जुळत होती.

"अगं, पाटी हललीच नाही!" भूषण ओरडला.

रत्नाने दगडाला हात लावला. ओला! "भूषण, दगडच सरकलाय! भिंत फुगतेय!"

फोटोत कारंजं उडताना दिसावं, म्हणून सरांनी काल टँकर मागवून हौद काठोकाठ भरला होता. कोणाला विचारायचं नाव नाही! आणि त्याच भिंतीच्या सावलीत मजूर भाकरी खात बसले होते. शेजारच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत त्या मजुरांतल्याच ज्योतीताईचं तान्हं बाळ झोपलं होतं.

"भिंत पडतेय! उठा, बठ्ठा उठा, सगळे उठा!" रत्ना ओरडली.

"झालं हिचं नवीन नाटक सुरू!" सर हसले. कोणी जागचं हललं नाही.

मग रत्नाने झोळीतलं बाळ उचललं आणि धूम ठोकली!

"मन्हं पोर! धरा तिले!" ज्योतीताई किंचाळत मागे धावली. तिच्यामागे मजूर, त्यांच्यामागे सर. सगळे फाटकापर्यंत पोहोचतात न पोहोचतात तोच धडाड्!

भिंत कोसळली. भाकऱ्या, डबे, झोळी सगळं दगडांखाली गेलं.

ज्योतीताईने बाळासकट रत्नाला मिठी मारली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यंत्र खरं सांगत होतं, आणि तूही. शाब्बास, पोरी! मला माफ कर."

नाना पुढे आले. "बेटा, मी चुकनू."

"सर परके होते, नाना. तुम्ही तरी मला एकदा विचारायचं होतं!" रत्ना हुंदके देत म्हणाली.

नानांनी तिचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.