खाणीच्या कडेची पणती

गच्चीवर चांदण्या बघायला चाललाय, जावा. पण ओमकार, कठड्याला टेकू नको रं, आणि आधी हे ऐकून जा. माझा धाकटा भाऊ मष्णू खोटं बोलत न्हाय, आणि हे त्याच्या रानात झालंय.

गेल्या मार्गशीर्षातली अवस. बेळगावच्या शहापुरातला केयूर, इंजिनेर पोरगा, बहीण शाल्मलीला घेऊन काकतीच्या पल्याड आमच्या माहेरच्या माळावर आलता. गाडीत ही मोठी दुर्बीण. बेळगावातलं आभाळ म्हणं रात्रीसुद्धा पिवळं, दिव्यांनी चांदण्या खाल्ल्यात. माळावर मातूर काळंकुट्ट. ढग न्हाय, धुकं न्हाय. तिकांड्याच्या तीन चांदण्या अशा वर आलेल्या, हात लावावा.

मष्णूनं खोपीतला बल्ब बंद केला. तरी दगडाच्या जुन्या खाणीच्या कडेला एक पणती राहिलीच.

"मामा, तेवढी विझवा की. डोळ्यांना अंधाराची सवय होत नाही."

"ती न्हाय विझवायची, पोरा. राजाबाईची हाय. तिची मंगल अवसेच्या रात्री करडू हुडकत आली नि खाणीत गेली. लेकीला कड दिसावी म्हणून आई दर अवसेला लावती."

"मेलेल्याला कसली कड?"

"आपण मेलोय, हे त्या पोरीला कुणी सांगावं?"

"राहू दे ना दादा," शाल्मली म्हणाली.

पण शहाणा तो. मष्णू चहा ठेवायला खोपीत गेला, तवर ह्यानं तेलाचा रिकामा डबा पणतीवर पालथा घातला. विझवली न्हाय, झाकली. म्हाताऱ्याचं ऐकलं, असंच त्याच्या मनात.

पुढचं केयूरनंच मष्णूला सांगितलं.

शाल्मली दुर्बिणीला डोळा लावून बसलेली. लांबनं कुणी करडाला बोलवावं तसं ऐकू आलं... येऽ... येऽ...

शाल्मलीनं मान वर केली. "कोण आहे गं?"

"आक्का... वाट दिसंना. हात दे."

पोरीचा आवाज. बारीक. शाल्मली मायाळू लई. उठली. हात पुढं केला.

"शालू, थांब!"

डोळं दिपू नयेत म्हणून ही माणसं लाल बॅटरी बाळगतात. ती त्यानं लावली. दोघी पाठमोऱ्या. हातात हात...

मग एकटी शाल्मली.

मग...

कोण न्हाय. खडा घरंगळल्याचासुद्धा आवाज न्हाय.

उजाडताना शाल्मली खाणीच्या तळाला गावली. केयूर कडेलाच बसून व्हता. रडत न्हवता. पोलीस गेल्यावर मष्णूला म्हणाला, "मामा, तो डबा तुम्हीच काढा. माझा हात होत नाही."

पणती कवाच विझली असणार. आत वारा न्हाय, आणि तेल तर घातलं व्हतं मध्यानरातीपुरतं.

मष्णूनं डबा उचलला.

आत दोन पणत्या जळत व्हत्या.