निळ्या केबलचा कमरपट्टा

त्याने कमरेची चटई निळ्या नेटवर्क केबलने बांधली होती.

मी बाजाराजवळच्या पावाच्या दुकानाच्या वळचणीला उभी होते, छातीशी बॅटरीचं खोकं धरून. टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफात, सकाळपासून पाऊस लागला होता. तो धावत आत आला आणि केसांआधी चटई झटकली. कामावर, चर्चमध्ये जाताना आपल्याकडे कमरेला चटई गुंडाळतात. ही जुनी, मऊ पडलेली होती, नक्कीच कुणाच्या तरी घरातली ठेवणीतली. आणि तिच्यावर ती केबल…

"काथ्याची दोरी नाही मिळाली?" मी विचारलं.

"ऑकलंडच्या विमानतळावर राहिली. फार वाईट दिसतंय?"

"दिसायला बरंय. पण टोकाची क्लिप तुटलीय. कुठेही लावा, निसटणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "माणसाआधी केबल बघणारी बाई… तुम्हीच लविनिया ना? मी केलेपी. तुमच्याच कार्यालयात निघालोय."

तर हा तो. बेटांवरच्या चाळीस शाळांचं काम आमच्या कार्यालयातून चालतं. हजेरी, गुण, पगार, प्रत्येकाला वेगळा संगणक, सगळे म्हातारे. आता दोनच दणकट सर्व्हर घ्यायचे आणि सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांच्या पोटात ते सगळे संगणक वसवायचे, असं ठरलं होतं. ते सॉफ्टवेअर विकतचं घ्यायचं, की कुणालाही उघडून बघता येईल असं खुलं, एवढंच ठरत नव्हतं. केलेपी विकतचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ऑकलंडच्या कंपनीचा माणूस. मला खुलं हवं होतं.

आणि आमच्या मुख्य अधिकारी लोसेबाई त्याच्या सख्ख्या आत्या.

"भाच्याकडून घेतलं तर गाव बोलेल, नाही घेतलं तर घर बोलेल," त्या मला म्हणाल्या. "तू दोन्ही तपास आणि सांग. तू म्हणशील ते."

दोन आठवडे आम्ही शेजारी शेजारी बसून दोन्ही सर्व्हर मांडले. तुम्हीचं तू कधी झालं, कळलं नाही. तो केबल रोज बांधून यायचा.

"दोरी बाजारात मिळते," मी म्हणायचे.

"मग तू काय बघशील?" तो म्हणायचा.

शेवटची चाचणी रविवारची ठेवली. रविवारी आपल्याकडे कुणी कामाला हात लावत नाही, कायदाच आहे. म्हणजे जे घ्यायचं, ते माणसाविना एक दिवस तगायला हवं. शनिवारी दुपारी मी माझ्या बाजूची शेवटची मांडणी करत होते. केलेपी मागून पडद्याकडे बघत होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं…

"काय?"

"काही नाही. पाऊस थांबला, म्हणत होतो."

पाऊस थांबला नव्हता.

रविवारी चर्चमध्ये वीज गेली. पंखे थांबले, गाणं थांबलं नाही. पलीकडच्या बाकावरून केलेपीने वळून पाहिलं, मी भुवया उंचावल्या. हो, मलाही सर्व्हरच आठवले.

जेवायला लोसेबाईंकडे होते. अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेलं मांस त्याने माझ्या पानात वाढलं आणि हळूच म्हणाला, "बॅटऱ्या संपल्या असतील."

"रविवारी यंत्रांचं बोलायचं नाही."

"मग माझं बोलू?" तो पानाकडे बघत होता. "विकतचं घेतलंस, तर दर तीन महिन्यांनी मला यावं लागेल."

"आणि नाही घेतलं तर?"

"बुधवारचं विमान."



सोमवारी दार उघडलं. रात्रीच कधीतरी वीज आली होती. त्याच्या सर्व्हरमधले सगळे संगणक आपोआप उठून कामाला लागले होते. माझा सर्व्हर चालू, पण पोटातले सगळे झोपलेले. कारण लगेच सापडलं. 'सर्व्हर सुरू होताच यांनाही सुरू कर' या ओळीपुढची खूण मी केलीच नव्हती.

"माझी चूक," मी म्हणाले. "तुझं जिंकलं. तसंच सांगते त्यांना."

खरं सांगायचं तर मनात कुठेतरी आनंद झाला होता… दर तीन महिन्यांनी. तो आनंद मला अजिबात आवडला नाही.

केलेपी बसला. "ती खूण नाही, हे मला शनिवारी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बुधवारचं विमान, लविनिया."

मग तो उठला आणि थेट आत्यांच्या खोलीत गेला. मीही मागोमाग गेले. त्याने काही न लपवता सांगितलं.

"म्हणजे चाचणी फुकट," लोसेबाई म्हणाल्या.

"फुकट नाही, बाई," मी म्हणाले. "विकतच्यात अडलं तर ऑकलंडला विचारत बसायचं. खुल्यात अडलं तेव्हा मी इथेच शोधलं. माझं मत अजून खुल्यालाच आहे. पण एकटीच्या भरवशावर घेऊ नका. माझी चूक बघायला दुसरं कुणीतरी हवं."

"दुसरं होतं की. गप्प बसलं." त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "इथे राहून हे काम करशील?"

"आज्ञा आहे, आत्या?"

आत्याचा शब्द आपल्यात बापालाही मोडता येत नाही. लोसेबाईंनी मान हलवली. "नाही. उद्या म्हणशील, आत्याने अडकवलं. तुझं तू बोल."

"राहतो. ऑकलंडला मी कळवतो," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"तिकडे काय बघून सांगतोस? मी इथे बसलेय."

बाहेर व्हरांड्यात मी पिशवीतून काथ्याची दोरी काढली. आजोबांनी वळलेली. "बुधवारी विमानतळावर देणार होते."

"आणि आता?"

"आता ती केबल दे. तुझ्या टेबलापर्यंत लागेल."

"क्लिप तुटलीय ना? निसटेल."

"नवी बसवू."

त्याने केबल सोडून माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. मी दोरी त्याच्या कमरेभोवती घेतली.

"आणि ऐक," मी म्हणाले. "यापुढे माझं काही चुकताना दिसलं, तर तिथल्या तिथे सांगायचं."

"आत्ताच सांगतो," तो म्हणाला. "गाठ बसत नाहीये. सोडून पुन्हा बांध."