तीन वाजता चढणारं पाणी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात पदरचं एक अक्षर मी घातलेलं नाही. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि रात्री नाही. भर दुपारी, टळटळीत उन्हात. बरोबर तीन वाजता.

माझी आत्या चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. तिने सरळ मागे छोटा स्विमिंग पूल असलेलं जुनं घरच घेतलं. आठ पावलं लांब, तीन पावलं रुंद, पाणी छातीएवढं. ती त्याला हौद म्हणायची.

महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, हौदाचं पाणी एका पातळीवर राहत नाही. तिला वाटलं, कुठेतरी गळतंय.

गल्लीच्या तोंडावरचा प्लंबर आला. त्याने एक साधी परीक्षा सांगितली. हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची. एक खूण बादलीच्या आत, एक बाहेर, हौदाच्या पाण्याला लागून. उन्हाने आटलं तर दोन्हीकडचं सारखंच आटेल. हौदाचं जास्त उतरलं, तर गळती.

मोटर बंद केली. आम्ही तिघं काठावर खुर्च्या टाकून बसलो.

तीन वाजले.

बादलीतलं पाणी खुणेवर होतं.

हौदाचं पाणी... चढलं.

वारा नाही. नळ बंद. तरी बोटाचं अर्धं पेर पाणी वर आलं आणि बाहेरची खूण बुडाली. चार वाजता पुन्हा उतरलं.

 प्लंबरने आत्याला हौदात उतरायला सांगितलं. ती उतरली.

पाणी तेवढंच चढलं.

अर्धं पेर... एका माणसाएवढं.

प्लंबर स्वतःची बादलीही न घेता गेला. त्यानंतर त्याने आत्याचा फोन उचलला नाही.

मी म्हटलं, घर विकून टाक. त्यावर आत्या म्हणाली, ज्या बाईने जन्मभर मढ्यांच्या शेजारच्या खोलीत डबा खाल्ला, ती अर्ध्या पेराला भिणार नाही.

तिने फरशीवाला मिस्त्री बोलावला. कामाला चोख, बोलायला कमी. पाणी काढू, फरशांचे सांधे नव्याने भरू, असं ठरलं. हौद दोन दिवस उन्हात वाळला. ठणठणीत कोरडा.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आत काम करत होता. मी वरून घमेली देत होतो.

तीनच्या सुमाराला थापीचा आवाज थांबला.

मिस्त्री शिडी चढून वर आला... छातीपर्यंत ओला. कपड्यांतून धारा लागल्या होत्या.

त्याच्यामागे हौद कोरडाच होता.

"बाई, माती टाकून बुजवा," तो म्हणाला. "मी पाण्यातून चालत आलोय."

आत्याने त्याला टॉवेल दिला, कोरडा सदरा दिला. किती सांधे राहिले विचारलं. तीन ओळी, तो म्हणाला.

आत्याने बाह्या सरसावल्या, त्याच्या हातातली थापी घेतली आणि शिडी उतरली.

मी हाका मारत राहिलो. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. वर आली तेव्हा दातावर दात वाजत होते. तीही छातीपर्यंत ओली. पण तीन ओळी भरलेल्या होत्या.

आठवड्याने हौद पुन्हा भरला. तीन वाजता पाणी चढलं. आत्या काठावर वाटच पाहत होती. पायऱ्या उतरली आणि कुणीच नसलेल्या पाण्याकडे बघून शांतपणे म्हणाली,

"घर माझं, गुडघे माझे, हौदही माझा. तुला कुठे जायला नसेल तर राहा. पण माझ्या वाटेत यायचं नाही."

ती चालू लागली.

अर्ध्यावर थांबली.

तिच्या समोर पाणी फुगलं होतं... तोंडासमोर कुणी उभं असावं तसं.

आत्या हलली नाही. एक मिनिट. पाच मिनिटं. तिचे ओठ निळे पडले. मी काठावर उभा होतो, आणि लाज वाटते सांगायला, माझा पाय पाण्याकडे उचलला गेला नाही.

मग एक लाट बाजूला वळली. हळूहळू कोपऱ्यात गेली.

आत्या पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आली.

याला सहा वर्षं झाली. ती रोज तीनलाच चालते. सकाळी चाल म्हटलं तर विचारते, वेळ मी का बदलू? क्लोरीन टाकणं, गाळणी धुणं, सगळं स्वतः करते, कारण गावातला एकही कारागीर त्या फाटकातून आत यायला तयार नाही. कोपऱ्यात काय आहे, ते तिला ठाऊक नाही. मलाही नाही.

गेल्या महिन्यात तिने मृत्युपत्र केलं. घर माझ्या नावावर.

मला पोहता येत नाही, मी म्हटलं.

"शीक," आत्या म्हणाली. "आणि पहिल्या दिवशी पाय मागे घेऊ नकोस. एकदा घेतलास की हौद त्याचा."

मी अजून होही म्हटलेलं नाही, नाहीही नाही.