वाया जाणारा अर्धा उजेड

तुषारला घराबाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि ते मला बघवत नव्हतं. उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यापासून माझा हा धाकटा भाऊ मानेखाली हलत नव्हता. बेलापूरच्या आमच्या घरात पलंग खिडकीशी सरकवून पाहिला, वर आरसा टांगून पाहिला. आरशात त्याला पत्र्याची कड आणि आभाळाचा तुकडा दिसायचा.

"दादा, एवढं आभाळ तर जेलातबी दिसतं," तो म्हणाला.

सत्त्याण्णव साल होतं. मी नगरच्या एमआयडीसीत काचा आणि भिंगं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही हेल्मेटला लावायचा पडदा बनवत होतो. डोळ्यासमोर चष्म्यासारखी जाड काचपट्टी, कपाळाशी बोटाएवढी पिक्चर ट्यूब. चित्राचा उजेड पट्टीच्या वरच्या कडेनं शिरतो, आतल्या आत आपटत खाली येतो आणि डोळ्यात उतरतो. मान हलवावी लागत नाही. कोपरा उडालेली एक पट्टी बाद झाली होती, ती ट्यूबसकट साहेबांना विचारून मी घरी आणली. दारावरच्या पत्र्याखाली अंगणाकडे तोंड करून एक कॅमेरा बसवला, वायर आत घेतली आणि तुषारला तो चष्मा चढवला.

"दिसतंय का?"

"दिसतंय. पन दिवस मावळल्यागत."

भर दुपार होती. कारण मला माहीत होतं. दोरीला झटका दिला की लाट उभी जाते किंवा आडवी जाते, तसंच उजेडाचंही असतं. आमच्या पट्टीतले बारीक आरसे फक्त उभा उजेड डोळ्याकडे वळवत. आडवा अर्धा मागच्या कडेनं निघून जाई, आणि उरलेल्यातलंही बरंच काचेत जिरे. हे मी तुषारला समजावून सांगितलं.

"म्हंजे अर्धा शिनेमा तू भिंतीला दाखवतो व्हय?" तो म्हणाला. आई बऱ्याच दिवसांनी हसली.

पुढच्या सुट्टीला मी अभ्रकाचा एक पापुद्रा घेऊन आलो. नेमक्या जाडीचा अभ्रक आडव्या उजेडाला उभं करतो. त्यात जादू काही नाही, कॉलेजातल्या पोरांनाही ते शिकवतात. एका लोलकानं मी दोन्ही अर्धे वेगळे केले, आडवा अभ्रकातून काढून उभा केला आणि दोन्ही पट्टीत सोडले. दोन्ही अर्ध्यांत चित्र एकच असतं. ते एकावर एक तंतोतंत बसायला हवं, पण माझा हात केसभर चुकला आणि प्रत्येक वस्तूला दुहेरी कड दिसू लागली. चित्र मात्र लख्ख झालं.

"आई दिसली," तुषार म्हणाला. "बाजरी पाखडती. कोंबडी तिच्या पाठीमागं हाय." मग म्हणाला, "घायपाताजवळ कोन उभंय?"

मी दारातून पाहिलं. कुंपणाच्या घायपाताजवळ कोणी नव्हतं. तीच वायर मी टीव्हीला जोडली. टीव्हीवर आई होती, सूप होतं, कोंबडी होती. माणूस नव्हता.

मग चष्मा मी लावला.

तो पाठमोरा उभा होता. अंगात बनियन, हात सैल सोडलेले. आईच्या डोक्याला दोन कडा होत्या, सुपाला दोन, अंगणातल्या खाटेच्या खुरांना दोन. त्याला एकच. जे दोन्ही अर्ध्यांत आहे त्याला दोन कडा दिसणार. एकच कड म्हणजे तो एकाच अर्ध्यात होता. मी बोटानं अभ्रकासमोरची वाट झाकली. चित्र अंधारलं, आई राहिली, तो गेला. बोट काढलं, तो होता तिथंच.

मला भीती वाटली नाही, चीड आली. स्पिरिटनं अभ्रक पुसला, लोलक पुसला, वायर बदलली. काही फरक पडला नाही. तुषारनं चष्मा परत मागितला, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. पडल्यापासून त्यानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

त्यानंतर मी घरी आलो की तुषार बातमी द्यायचा. "आता चालाय लागलाय." "हौदापातुर जातो." त्याचा चेहरा भरला होता. जुने दिवस परत आल्यासारखं वाटायचं, आणि मलाही ते हवंच होतं.

"त्याची चाल बघ, दादा. टाचा टेकवत न्हाई."

मी पाहिली. लहानपणी तुषारच्या चपला चवड्याखालीच झिजायच्या आणि आई त्यावरून त्याला बोलायची. तो कोण, हे आम्ही दोघांनीही उघड म्हटलं नाही.

मग एके दिवशी तो म्हणाला, "हौदाचं पानी आज लई गार हुतं."

"कुणाला लागलं गार?"

तो नुसता हसला.

त्याचं खाणं कमी झालं. हाक मारली की उत्तर उशिरा येई, शेताच्या टोकाला गेलेल्या माणसाचं येतं तसं. एकदा त्याला पुसताना पाहिलं तर नाकाच्या शेंड्याची कातडी उन्हानं सोलली होती. त्याला कोणी बाहेर नेलं नव्हतं. मी आईला विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली आणि पंचा पिळत राहिली.

एप्रिलातल्या एका दुपारी ती मला म्हणाली, "चेतन, काढ ते आता."

"आई, त्याला बरं वाटतंय."

"त्याला वाटतंय. पन पोरगं घरात असून घरात न्हाई. माझ्या हातानं घास खातं, अन् माझ्याकडं बघत न्हाई. मला माझ्याकडं बघनारा पायजे."

तिचं खोटं नव्हतं. मी पलंगाशी वाकलो. "तुषार, थोडा वेळ काढू का रे?"

मी चष्म्याला हात घातला.

"थांब," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मी लांब हाय. आत आलो की काढ."

मी आईकडे पाहिलं. तिनं ते ऐकलं होतं. ती रडत होती, आणि रडत रडतच तिनं पुढे होऊन दोन्ही हातांनी चष्मा ओढून काढला.

तुषारचे डोळे उघडे होते. ते आईकडे वळले नाहीत.

"दादा," तो म्हणाला. "मी भाईरच राहिलो की."

मी चष्मा पुन्हा चढवला. त्याची नजर कुठंच ठरेना. काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला. अंगण लख्ख होतं. हौदाला दोन कडा, खाटेला दोन कडा. माणूस कुठंच नव्हता. अभ्रक गोल गोल फिरवून पाहिला, चित्र उजळलं, अंधारलं, पुन्हा उजळलं.

कॅमेरा दारावर होता. उंबऱ्याशी कोणी आलं तर ते चित्रात येत नसे.

आई तुषारच्या छातीवर हात ठेवून बसली होती. छाती संथ वरखाली होत होती. त्याचे ओठ हलले. आवाज अगदी बारीक होता, बंद दाराच्या फळ्यांपलीकडून यावा तसा.

"आई, दार उघड ना. लई ऊन लागतंय."

दार सताड उघडं होतं.